अप्पांचं कार्ड आणि ऋजुताचा ओटा

एवढं मोठं कार्ड घातलं, तरी चित्रपट अडखळतोच कसा? अप्पा बिवलकर सकाळपासून चष्मा वर-खाली करत या कोड्याशी झटत होते. चांद्रतळावरचा संगणक जुळवलेला माणूस, आणि दापोलीतल्या घरचा संगणक त्यांना दाद देईना!

संध्याकाळी सहाला चंद्राकडे संदेश जाणार होता. अप्पांची लेक मीनल वर्षभर तिथे कामाला होती. तिच्या वाढदिवसासाठी तिच्या मुलीनं, ऋजुतानं, कासवाच्या पिल्लांचा चित्रपट केला होता आणि त्याच किनाऱ्यावर फिरता येईल असा एक खेळही. खेळ झकास पळत होता. चित्रपटाचं संपादन (तुकडे कापून सांधणं) सुरू केलं की मात्र पडदा गोठायचा. आजचा संदेश चुकला की वाढदिवस हुकलाच.

गावात सुट्या भागांचं वाचनालय होतं. तिथून एका घराला एका वेळी एकच भाग मिळे. अप्पांनी काल कुणाला न विचारता फळीवरचं सगळ्यांत थोरलं ग्राफिक्स कार्ड (चित्रं रंगवणारा भाग) उचलून आणलं होतं.

"प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) म्हातारा झालाय. तोच बदलू," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आधी मोजूया ना. तुम्हीच सांगता नेहमी."

अप्पा वरमले. ऋजुतानं चित्रपटाचं संपादन चालू ठेवून मापक (कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा तक्ता) उघडला. प्रोसेसर जेमतेम पाव हिस्सा कामात होता. थोरलं कार्ड तर चक्क डुलक्या काढत होतं. रॅम (हाताखालची तात्पुरती स्मृती) मात्र काठोकाठ भरली होती.

"रॅम म्हणजे आपला ओटा!" ऋजुता ओरडली. "गणपतीत मोदक करताना तुम्ही पाऱ्या करता, मामी सारण भरते, मी कळ्या पाडते. हात भरपूर आहेत. पण ओट्यावर जागाच नसली तर? एकेक ताट कोठीच्या खोलीत ठेवायचं आणि लागलं की आणायचं. सगळा वेळ येरझाऱ्यांत जाणार. कोठीची खोली म्हणजे डिस्क (कायमचा साठा). अशा वेळी आणखी दहा माणसं बोलावून काय उपयोग? ओटा मोठा हवा!"

"मग खेळ कसा बरा चालतो?" अप्पांनी विचारलं.

"तो लहान आहे, ओट्यावर मावतो. हे कार्ड परत केलं तरी जुन्या कार्डावर खेळातल्या सावल्या थोड्या कमी केल्या की झालं."

अप्पांनी कपाळावर हात मारला. हे आपल्याला सुचू नये? नाचता येईना अंगण वाकडं, तसं आपण उगाच प्रोसेसरला नावं ठेवली.

ऋजुतानं मदरबोर्डावर (सगळे भाग जोडणारी पाटी) रॅमची खाच कोणत्या प्रकारची आहे ते नीट वाचून घेतलं. दोघं वाचनालयात धावले, कार्ड परत केलं आणि रॅमची मोठी पट्टी आणली. ती खाचेत टक्कन बसली. जुनं कार्डही जागेवर गेलं. संपादन पुरं झालं, चित्रपट कुठेही न अडखळता शेवटपर्यंत पळाला, आणि सहाच्या आत दोन्ही भेटी रवाना झाल्या.

थोड्या वेळानं पडद्यावर मीनल आली. डोळे पाण्यानं भरलेले. "अप्पा, काय सुरेख चित्रपट! संगणक तुम्हीच जुळवलात ना?"

'मी चुकलो' हे शब्द अप्पांच्या तोंडून घरात आजवर कुणी ऐकले नव्हते.

"मी नाही गं. मी चुकलो, भलताच भाग आणला होता. मोजलं तिनं, ओळखलं तिनं, बसवलं तिनं," अप्पा म्हणाले. स्वतःचा संगणक चंद्रावर पोचला तेव्हाही त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

मीनल हसली. "ऋजुता, अप्पांनी जुळवलेला इथला संगणकही हल्ली अडखळतो. काय करू गं?"

"आई, काहीच बदलू नकोस," ऋजुता म्हणाली. "आधी मोज!"