तीनच्या आधी

रुग्णालयातल्या ड्रेसरला सगळे लाडानं 'दोनवाले' म्हणत. जखमेवरची पट्टी काढताना तो "तीन म्हटलं की ओढतो हं" असं सांगायचा आणि दोनलाच फर्रकन ओढून मोकळा व्हायचा. पेशंटनं अंग आखडायच्या आत काम उरकलेलं असे. शिव्या खाव्या लागत, पण हसत हसत.

त्याची ताई मात्र हसली नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर ती त्याच्याच वॉर्डात होती, हृदय आधीच नाजूक. "अरे, आज खरंच तीनला ओढ. मला मन घट्ट करू दे," ती म्हणाली. "तुझी शपथ," म्हणून त्यानं मोजायला सुरुवात केली आणि सवयीनं दोनलाच हात चालवला. ताई दचकली, तिचे डोळे विस्फारले, आणि ते तसेच राहिले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. त्यानं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवसापासून, भरदुपारी ड्रेसिंगच्या खोलीत तो एकटा असला की रिकाम्या स्टुलावरून तिचा आवाज यायचा. "एक…" तळहातांना घाम फुटे, स्पिरिटचा वास घशाशी येई. "दोन…" दात घट्ट, मानेवरचे केस ताठ. तीन कधी यायचंच नाही. दिवस मावळेपर्यंत त्याचे खांदे वर चढलेलेच राहत. महिनाभरात तो सुकून काटकी झाला.

शेवटी सगळं सांगून टाकायचं ठरवून तो ताईच्या एकुलत्या एका मुलीकडे गेला.

"तुझ्या आईची पट्टी त्या दिवशी मीच काढली."

"माहितेय की, मामा."

"तिनं तीनपर्यंत मोजायला सांगितलं होतं…"

भाचीनं वर पाहिलं. डोळे थेट आईचे. "मग?"

"मग… तीनलाच ओढली. शप्पथ."

ती रडली. त्याचाच हात धरून म्हणाली, "तू होतास जवळ, बरं झालं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आवाज थांबला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. लाज वाटत होती, तरी भूक लागू लागली, झोप येऊ लागली, अंग सैल पडत गेलं. खोटं पचलं म्हणायचं, असं त्याच्या मनात आलंही.

रविवारी भाचीकडे जेवून तो बाह्या दुमडून निवांत बसला होता. ती शेजारणीची नक्कल करत होती. तो खळखळून हसला, आणि हसता हसताच कळवळून उभा राहिला. छाती धाडधाड उडत होती. कुणीच काही मोजलं नव्हतं.

"मामा! हाताला काय झालं?"

डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक पट्टा उमटला होता. चिकटपट्टीच्या रुंदीचा, सरळ कडांचा. तेवढ्या जागेतला एकूण एक केस गेला होता.

"ताई…" तो पुटपुटला, "निदान एक तरी म्हण…"

खोलीत भाचीच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आणि त्याच्या उजव्या हातावर काहीतरी गार, चिकट, हलक्या बोटांनी दाबून बसवलं जात होतं.