बंद फोल्डरमधली चाल

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची नाही, अमावास्येचीही नाही. घणसोली गावात, आमच्या घरात, दुपारी चारच्या सुमाराला घडलेली. कुणाला पटवून द्यायची ताकद सध्या माझ्यात नाही. वाचा आणि सोडून द्या.

मी मात्र अजून त्या वेळेला दाराकडे पाठ करून बसत नाही.

माझे बाबा, जानू, हळदीत कीबोर्ड वाजवायचे. तरुणपणी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलताना त्यांचा उजवा गुडघा गेला. "म्हनून बसून कराचा धंदा धरला," असं ते हसत सांगायचे.

कीबोर्डला लॅपटॉप जोडलेला असायचा. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये तयार ठेके असतात. त्यांना स्टाइल म्हणतात. डाव्या हातानं सूर धरला की ढोलकी, झांज, बेस सगळं मागे आपोआप वाजू लागतं.

इतर वादक या स्टाइल ताल आणि वेग बघून लावून ठेवतात. बाबा माणसं बघून लावायचे.

कोण कसं चालतं, कसं नाचतं, ते बघायचं. त्यावर ठेका बांधायचा. आणि त्याला त्या माणसाचंच नाव द्यायचं. 'सुनयना'. 'कमळी, जिना चढताना'.

माणूस गेलं की त्याची स्टाइल 'बंद' नावाच्या फोल्डरमध्ये जायची. ती परत वाजवायची नाही.

"मेलेल्याच्या पायांवर नवरी नाचवाची नाय," बाबा म्हणायचे.

शेवटचा साधा दिवस म्हणजे तो रविवार.

बाबा उरणच्या हळदीची तयारी करत होते. मी बादली घेऊन समोरून गेले. त्यांनी लगेच बटण दाबलं. ढोलकी भरभर वाजू लागली.

"ऐक अर्पू, ही तुझी चाल. सासरी गेलीस का सासू मागं धापा टाकंल."

"आधी सासर तर शोधा."

ऑक्टोपॅड वाजवणारा निकेश वायरी गुंडाळत होता. "मामा, माझी पण एक बनवा ना."

"तुझी चाल हाय कुठं? तुझी नुसती पलापल."

"आणि तुमची स्वतःची?" मी विचारलं.

"माझी मी कशी बघू? चालताना पुढं बघाचं का पायांकडं?"

आम्ही तिघंही हसलो.

आमच्या घरात निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं कुणीतरी 'या' म्हणतं. ते ऐकल्याशिवाय बाबा उंबरा ओलांडत नसत. रोज आई म्हणायची. त्या दिवशी आई कमळीआत्याकडे गेली होती.

"येतंव गो," बाबा म्हणाले.

मी फोनवर बोलत होते. मी नुसती मान डोलावली.

ते थोडे थांबले. मग लोखंडी जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली. एक जड, एक ओढलेलं, आणि मधे कठड्यावर अंगठीचा आवाज.

धप्प. सर्र. टक्.

उरणला, भर हळदीत, बाबांची मान कीबोर्डवर खाली गेली.

हात सुटला तरी ठेका सुरूच राहतो. बंद केल्याशिवाय तो थांबत नाही. त्यामुळे कुणाला कळलंच नाही. बाया नाचत राहिल्या. निकेशला वाटलं, मामा वाकून वायर बघतायत. शेवटी ठेका त्यानंच बंद केला.

मी रडले नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. जेवत होते, ऑफिसला जात होते. घरातल्या भांड्यांचा आवाज मला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा.

सुतक संपलं आणि निकेश आला.

"ताई, अश्विन आता कीबोर्डला बसतोय. चांगला वाजवतो, पण त्याला मामांची नावं कशी कळणार? 'सुनयना लाव' म्हटलं तर विचारेल, कुठल्या गावची, लग्न झालंय का?"

आई किंचित हसली. कितीतरी दिवसांनी.

"टेन्शन नको घेऊ ताई. फक्त वेगानुसार लावून दे. सीझन तोंडावर आलाय."

हाताला काम मिळालं, बरं वाटलं. मी सगळे फोल्डर एकदम निवडले आणि वेगानुसार एका रांगेत लावून टाकले.

'बंद'मधलंही सगळं त्यात आलं. माझ्या लक्षात आलं नाही.

आई दाराजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत होती. निकेश एकेक स्टाइल वाजवून बघत होता. दार उघडं होतं. खाली कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

मधेच एक संथ ठेका लागला... एक ठोका, मग दोन हलके.

जिन्यावर काठी वाजली.

एक ठोका. दोन पावलं.

आईनं वर न बघताच म्हटलं, "पुतळामावशी आली वाटतं. चाय टाक गो."

मग तिचा हात सुपातच थांबला.

पुतळामावशी जाऊन वर्ष झालं होतं.

निकेशनं ठेका थांबवला. काठी थांबली.

"खालचं कुणी असेल," तो म्हणाला. आणि त्यानं पुन्हा लावला.

काठी पुन्हा वाजली... आता आणखी वर.

दारातून आमचा अर्धा जिना दिसतो. तिथं ऊन पडलं होतं. आणि कुणीही नव्हतं.

मी निकेशच्या हाताखालून लॅपटॉप ओढला. गेलेल्या माणसांची नावं शोधून एकेक परत 'बंद'मध्ये टाकली. लॅपटॉप मिटला. वायर उपटली. स्पीकरचा दिवा विझला.



खालचा मिक्सरही थांबला होता. कावळे नाहीत. गल्लीतल्या रिक्षा नाहीत. नुसतं ऊन.

आणि मग...

धप्प. सर्र. टक्.

निकेश उठून भिंतीला टेकला. "मामा," एवढंच म्हणाला.

धप्प. सर्र. टक्.

या चालीची स्टाइल कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हती. ती बाबांनी कधी बनवलीच नव्हती.

पावलं जिना चढून आली. उंबऱ्याशी येऊन थांबली.

मी वाट पाहिली... चपला काढल्याचा आवाज आला नाही. ते आत येत नव्हते. परतही फिरत नव्हते. हे थांबणं मी ओळखत होते. त्या रविवारी उंबऱ्याशी ते असेच थांबले होते.

मी तोंड उघडलं.

आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. तांदळाची पूड लागलेला हात.

"या म्हनू नको," ती कुजबुजली. "गेलेल्याला बोलवाचं नसतं. आत आला तर जानार नाय."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मिक्सर पुन्हा सुरू झाला. तेव्हा उंबऱ्यावर काहीच नाही, हे आम्हाला कळलं.

पण जिना उतरल्याचा आवाज आलाच नव्हता.

निकेश लॅपटॉप घेऊन गेला. 'बंद' फोल्डर सोडून बाकी सगळं अश्विन वाजवतो. तिकडे कधी काही झालं नाही, असं निकेश शपथेवर सांगतो. म्हणजे जे काही आहे, ते लॅपटॉपमध्ये नाही.

कारण आमच्याकडे ते रोज होतं.

दुपार कलायला लागली की घर गप्प होतं... आणि पावलं येतात. उंबऱ्याशी थांबतात. कमळीआत्यानं दारात मीठ टाकून पाहिलं. "माझा भाऊस हाय, माझं काय वाकडं करनार? पन दार लावून घ्या गो," म्हणाली आणि आपल्या घरी जाऊन रडली. आम्ही दार लावून पाहिलं. पावलं दाराबाहेर थांबली.

मी पुष्कळ वाचलेलं आहे. दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं, तेही वाचलं आहे. पण मग ते आम्हा दोघींना एकदम, एकाच क्षणाला, ऐकू यायला नको होतं.

पावलं रोज वर येतात. उतरताना कधीच ऐकू येत नाहीत. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. रोजचे एक, असे ते सगळे बाबा बाहेर कुठं उभे असतील?

आई रोज माझ्याकडे बघून मान हलवायची. नको. मी गप्प बसायचे. गप्प बसणं मला जमतं.

काल दार उघडंच राहिलं होतं. आई तांदूळ निवडत होती. मिक्सर थांबला.

धप्प. सर्र. टक्.

उंबऱ्याशी येऊन थांबली.

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही. हातही उचलला नाही. सूप बाजूला ठेवलं, भिंतीला टेकवलेला पाट ओढून आपल्या शेजारी मांडला आणि त्यावरून पदर फिरवला.

मी दाराकडे तोंड केलं. उंबऱ्यावर ऊन होतं, बाकी काही नाही.

"बाबा," मी मोठ्यानं म्हटलं, "या."