सप्त्यातले काळे चष्मे

या बाळांनो, टाळ खाली ठेवा, स्वल्प जवळ सरका. बसवनगुडीत सुट्टीतल्या सप्त्यात घडलेली गोष्ट सांगते. कडू आहे, पण ऐका.

"अक्का, पोथी उलटी धरलीय!" पुढ्यात बसलेली छोटी हर्षिता ओरडली.

जिच्या कीर्तनाला अख्खी गल्ली लोटायची, त्या महानंदाअक्काला अक्षरंच दिसेनात! सुजलेल्या डोळ्यांतून नुसतं पाणी. डॉक्टर संध्याताईंनी तपासलं. "विषाणूची साथ आहे. बुबुळांवर ठिपके आलेत. नजर निवळायला महिने लागतील. डावा डोळा पुरता निवळेल की नाही, सांगवत नाही."

आणखी सात जणांचे डोळे आले होते. कारभारी खंडोजीअण्णा मात्र निर्धास्त! "लाल डोळ्यांकडे पाहिलं की साथ लागते. म्हणून तर दारात काळे चष्मे ठेवलेत. येताना सगळ्यांनी घालायचे, जाताना टोपलीत टाकायचे. सरी? ठीक आहे ना?"

"सरी कसलं!" तिचा सवंगडी यशोवर्धन हर्षिताच्या कानाशी पुटपुटला. "मी काल दिवसभर श्वेताच्या लाल डोळ्यांत टक लावून बसलो. ती चिडली, पण मला काही झालं नाही!"

"चष्मा घातला होतास?"

"छे! माझ्या नाकावर टिकतोय कुठे?"

हर्षितानं दारातल्या टोपलीकडे पाहिलं. मग साथ या चष्म्यांवरूनच तर पसरत नसेल? अक्काला टोपलीतला चष्मा तिनंच हौसेनं नेऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी दोघांनी सगळे चष्मे साबणानं खसखसून धुतले, हात धुतले आणि चष्म्यांच्या काड्यांना ओला बुक्का चोळून ठेवला.

आरती झाली. लोकांनी चष्मे वर सारले, ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले आणि काय! ज्याच्या त्याच्या पापणीखाली काळं! टाळांवर काळं, नळाजवळच्या पंच्यावर काळं, अण्णांचं तर नाकसुद्धा!

"कुणाचा हा चावटपणा?"

"अण्णा, बुक्का आहे म्हणून दिसला," हर्षिताला रडू फुटलं. "रोगही असाच फिरला. चष्म्यावरून हाताला, हातावरून डोळ्याला. अक्काला तो चष्मा मीच नेऊन दिला!"

अण्णांनी टोपली उचलली. "चूक माझी, पोरी. तुम्ही दोघांनी शोधलंत, म्हणून उरलेल्यांचे डोळे वाचतील."

"डोळे आलेल्यांनी घरी राहायचं," आरतीला आलेल्या संध्याताई म्हणाल्या. "ज्याचा टॉवेल त्याचा. आणि दुकानातले थेंब मनानं घालायचे नाहीत."

हर्षिता अक्काच्या दारी धावली. "लांबच थांब, बाळे," अक्का आतूनच म्हणाली. "उद्या पोथी तू वाच. मी इथून ऐकेन."

अक्काचा डावा डोळा आजही धूसर आहे. ज्योतीवरचे हात डोळ्यांना लावण्याआधी नळाखाली धुवा, आणि धुताना महानंदाअक्काला आठवा.