मागची सीट

चष्म्याच्या दुकानात शिरणारा माणूस बहुधा डोळे बारीक करून पाटी वाचत शिरतो. हा मात्र चांगले टपोरे डोळे उघडे ठेवून आला आणि भिंतीवरच्या फ्रेमकडे ढुंकूनही न पाहता म्हणाला, "तुमच्याकडचा सगळ्यात लहान स्क्रू बघायला मिळेल?"

काउंटरमागे बसलेली ती एका चष्म्याची काडी बसवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "चष्मा कुठाय?"

"चष्मा नाहीये... विमान आहे."

आता मात्र तिने मान वर केली. त्याने पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढला आणि खोक्यातून वीतभर लांबीचं प्लॅस्टिकचं विमान. हवाई दलात नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी असायचं तसलं, एकामागे एक दोन सीटचं. पंख अजून लागले नव्हते. तो पूल बांधणाऱ्या कचेरीत आराखडे काढायचा आणि सुट्टीत ही विमानं बनवायचा. त्याची तक्रार अशी होती, की खोक्यात तयार मिळणारं कॉकपिट अगदीच सपाट असतं. दोन ठोकळे म्हणजे सीट आणि एक चिकटचित्र म्हणजे सगळी यंत्रं. म्हणून आतलं सगळं तो स्वतः घडवणार होता. औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी वेष्टनाचे सीटचे पट्टे, वायरीतल्या तांब्याच्या तारा, टाचणीच्या डोक्याची मूठ. बटणांसाठी मात्र त्याला चष्म्याचे स्क्रू हवे होते.

तिने चिमट्याने एक स्क्रू उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. तो श्वास रोखून बघत राहिला. तीही बघत राहिली, फक्त स्क्रूकडे नाही.

दुकान तिच्या मामाचं. मामाने त्याच दिवशी त्याचं नाव 'वैमानिक' ठेवून टाकलं. "आयुष्यात विमानात बसला नसेल, पण खिशात घेऊन फिरतो," असं तो म्हणायचा. भाचीला तर तो लहानपणापासून 'ढापणी'च म्हणायचा, कारण तिचा स्वतःचा चष्मा चांगला जाड भिंगांचा होता.

वैमानिक परत आला. मग परत परत येऊ लागला. कधी स्क्रू हवा असायचा, कधी काचेला चकाकी आणायची पेस्ट, कधी नुसतंच भिंग. कचेरी सुटली की मागच्या बाकावर, काचा घासायच्या यंत्राशेजारी, दोघांचं काम चालायचं. तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता. टाचणीच्या टोकाएवढ्या डायलवर वार्निशचा एकच थेंब सोडून ती त्याची काच करायची आणि थेंब जमला की दोघं एकदमच श्वास सोडायचे.

एकदा त्याने तिला प्लॅस्टिकचा केस ओढायला शिकवलं. प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की दोन टोकं धरून हळूहळू लांब करायची. मधला भाग बारीक होत होत केसाएवढा होतो. तेच मग कॉकपिटमधले दांडे आणि नळ्या. एक टोक त्याने धरलं, एक तिने.

"घाई करू नका," तो म्हणाला. "एकाने ओढलं आणि दुसरा थांबला, की तुटतं."

दोघं एकेक पाऊल मागे सरत गेले. मधे तो धागा, दिसेल न दिसेल असा. ती हसू दाबत म्हणाली, "आता भिंत आली. पुढे काय करायचं?"

"आता... तू थांब. मी येतो."

'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं. धागा तुटला नाही.

अशाच एका संध्याकाळी तिने विचारलं होतं, की या दोन सीटवर कोण कोण बसतं. पुढे शिकणारा आणि मागे शिकवणारा, असं त्याने सांगितलं. चूक पुढच्याची, ओरडणं मागच्याचं.

"मग मला मागची सीट चालेल," ती म्हणाली.

"चष्मेवाल्यांना घेत नाहीत तिथे."

"बघ. तुझंच नुकसान."

तो बराच वेळ मागच्या सीटचा पट्टा विनाकारण सरळ करत बसला.

कॉकपिटचं काम संपतच नव्हतं. एकदा कॉकपिटवरची प्लॅस्टिकची काच बसली की आत बोट जात नाही, हे दोघांना माहीत होतं. म्हणून त्याला एखादी कळ आठवायची, तिला एखादी नळी कमी वाटायची. कुणी पाहणार नाही अशा जागीही त्यांनी तारा ओढल्या. मामा म्हणायचा, खरं विमान एवढ्यात आकाशात जाऊन परत आलं असतं.

शेवटी काहीच उरलं नाही. वरची पारदर्शक काच तिने घासून घासून अशी लख्ख केली, की आहे की नाही कळू नये. त्याने ती नुसती वर टेकवून पाहिली आणि म्हणाला, "चिकटवू नकोस हं. मागच्या सीटवर एक गोष्ट राहिलीये. उद्या सकाळी घेऊन येतो... मग बोलू."

तो गेला आणि थोड्या वेळाने त्याच्याच कचेरीतला शिपाई चष्मा न्यायला आला. बोलता बोलता मामाला सांगून गेला, की वैमानिकाची दूरच्या मोठ्या पुलाच्या कामावर निवड झालीये, काही वर्षं तरी तिकडेच, आणि कचेरीत सगळे त्याचं अभिनंदन करताहेत.

सगळ्यांना माहीत होतं. तिला सोडून.

तिला राग आला. जायचंच होतं, तर तारा कशाला ओढत बसला? राहिलेली गोष्ट म्हणे. तिने बाकावरचा झटपट गोंद उचलला, तुटक्या फ्रेम जोडायचा, काचेच्या कडेने फिरवला आणि काच दाबून धरली. विमान खोक्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ती सकाळी दुकानात गेलीच नाही.

त्या गोंदाची वाफ निघते आणि बंद जागेत ती काचेला आतून पांढरी करते, हे विमानं बनवणाऱ्यांना पाठ असतं. तिला ते माहीत नव्हतं.

दुपारी ती दुकानात आली तेव्हा मामाने सांगितलं, की वैमानिक सकाळीच येऊन गेला. त्याने खोका उघडला, विमान उजेडात धरलं. काच धुक्यासारखी झाली होती, आतलं काहीच दिसत नव्हतं. असंच असतं का हे, असं मामाने विचारलं. तो म्हणाला, "नाही... पण कळलं मला." आणि एक काड्यापेटी ठेवून गेला.

तिने काड्यापेटी उघडली. आत कापसावर दाण्याएवढी एक बाहुली होती, सीटवर बसते तशी गुडघ्यात दुमडलेली. अंगावर वैमानिकाचा पोशाख. आणि डोळ्यांवर, केसासारख्या तारेचा, दोन गोल वळवून केलेला चष्मा.

ती तशीच पुलांच्या कचेरीत धावली. तो आराखड्यांच्या गुंडाळ्या बांधत होता. तिला बघून उठला, पण जवळ आला नाही.

"मला शिपायाकडून कळलं, की तू चाललास," ती म्हणाली. "तू सांगितलं नाहीस."

"ठरलंच नव्हतं. दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं." तो थांबला. "आधी तुला विचारणार होतो. मग कचेरीला नाही म्हणून सांगणार होतो. पण काच बंद होती... चिकटवू नकोस म्हटलं होतं ना मी? म्हटलं, हेच उत्तर असेल."

"आणि तू हो म्हणालास."

"कागद गेले. माझ्या भरवशावर दुसऱ्या इच्छुकाला नाही म्हणून कळवलंय त्यांनी."

तिच्या चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या. त्याने हलकेच चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत तिच्या कानांवर नीट बसवला. इतक्या जवळून ते एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते.

"मला मागची सीट हवी होती," ती म्हणाली. "खरंच."

त्याने मान हलवली. वाट बघ म्हणायचा त्याला धीर झाला नाही, आणि बघेन म्हणायचा तिला.

तो गेला. विमान त्याने नेलं नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी, एका निवांत दुपारी, तिने बारीक करवतीने ती पांढरी काच कापून काढली. डायलवर थोडी साय धरली होती, ती ओल्या काडीने पुसली. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. तारा, कळा, भिंतीपर्यंत मागे सरत ओढलेला तो केसाएवढा दांडा. तिने चिमट्याने चष्मेवालीला मागच्या सीटवर बसवलं आणि चंदेरी पट्टे तिच्या खांद्यांवरून घेतले.

मामा मागे येऊन उभा राहिला. या वेळी त्याने ढापणी म्हटलं नाही. "नवी काच करून देऊ का?" त्याने विचारलं.

"नको मामा. पुढचा बसायचा राहिलाय."

अजूनही दुकान उघडलं, की भिंगांना हात लावायच्या आधी ती त्या उघड्या कॉकपिटवर हळूच फुंकर मारते. फडकं तिथे चालत नाही. पट्टे फार नाजूक आहेत.