दोन सह्या

सांगायला जरा लाज वाटते, पण आमची पहिली भेट झाली ती मला माझ्याच ऑफिसात कुणी आत सोडेना म्हणून.

त्या दिवशी ओळखपत्र घरी विसरले होते. दारावरचे मामा मला चार वर्षं रोज बघतात, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. पण त्या सकाळी त्यांनी हात आडवा धरला. "कार्ड नाही तर आत नाही, ताई. नियम तुमचाच आहे." नियम खरंच माझाच होता. मग काय, वरून कुणी न्यायला येईपर्यंत मी मुकाट्याने बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

बाकावर आधीच एक जण होता. चुरगळलेला शर्ट, मांडीवर लॅपटॉप आणि दोनदा नापास झाल्यासारखा चेहरा.

"तुम्हालाही त्या बाईंनी अडवलं का?" त्याने विचारलं.

"कुठल्या बाईंनी?"

"वरच्या मजल्यावर बसतात. माझा अर्ज दोनदा परत पाठवला. ऑफिसात त्यांना कुलूप म्हणतात म्हणे."

म्हणतात, हे खरं होतं. मी चेहरा सरळ ठेवला आणि बाई फार खडूस आहेत का, असं विचारलं. तो म्हणाला, भेटलो नाही अजून, पण नकार एका ओळीत लिहितात आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक नसते... अशा माणसांची मला भीती वाटते. मला हसू आवरेना. तेवढ्यात आमच्या मोठ्या मॅडम मला न्यायला खाली आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चला, कुलूपबाई." बिचारा उठून उभाच राहिला.

माझं काम लोकांना पटकन कळत नाही, म्हणून सांगते. शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्यांच्या नोंदी आमच्या संगणकावर असतात. कुठल्या गटाच्या पिशव्या कुठे आहेत, रक्त कुणी दिलं, त्याचा पत्ता, त्याचा फोन. ही माहिती मागायला वेगवेगळी ॲप येतात. ती ज्या दाराने येतात त्याला एपीआय म्हणतात, आणि त्या दारावर मी. प्रत्येक ॲपला एक किल्ली, म्हणजे एक गुप्त संकेतांक, द्यायची आणि तिने काय उघडेल, काय उघडणार नाही, हे यादीवर खुणा करून ठरवायचं. लोकांना वाटतं, खुणा तर करायच्या, त्यात काय एवढं. वाटू दे. माझे बाबा बसवर तिकीट तपासनीस होते आणि त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला भर बसमध्ये खाली उतरवलं होतं. आई अजून तो दिवस विसरलेली नाही, आणि मीही नाही, फक्त मला त्याचा अभिमान वाटतो.

आमच्या अर्जवाल्याचं ॲप चांगलं होतं. नातेवाइकांनी रक्तगट टाकायचा, जवळच्या कुठल्या पेढीत ते रक्त आहे हे लगेच दिसणार. पण त्याला रक्तदात्यांचे फोन नंबरही हवे होते, आणि तिथेच आमचं वाजलं. तो माझ्या टेबलासमोर बसून तासभर भांडला. बहिणीच्या बाळंतपणात रक्त मिळेना, तेव्हा त्याने अख्खा दिवस अनोळखी लोकांना फोन केले होते. हे सांगताना त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार साधे दिसत होते.

मी हळूच म्हटलं, "त्यांनी रक्त दिलंय. नंबर तुम्हाला नाही दिला."

मला वाटलं, आता हा चिडून जाणार. पण त्याने चष्मा घातला, माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. पुढच्या आठवड्यात नवा अर्ज घेऊन आला. नंबर गाळले होते. रक्त साठ्यात नसेल, तर ॲप आमच्या ऑफिसला कळवणार आणि दात्याला फोन आम्ही करणार. हे त्याला सुचलं होतं, मला नाही. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

त्यानंतर त्याला ऑफिसात सारखी कामं निघू लागली. मामांकडच्या, येणाऱ्यांची नोंद करायच्या वहीत तो दर वेळी 'काम' या रकान्यात 'अर्ज' असं लिहायचा. अर्जात एवढं काय शिल्लक आहे, असं मामा मला विचारायचे आणि मी भराभर जिना चढायची. आज येईल, आज नाही येणार... मी कुलूप, आणि माझी ही दशा. मला तो आवडायला लागला होता, उगाच आडपडदा कशाला.

शुक्रवारी मी त्याची किल्ली करायला घेतली. तो समोर उभा होता. "हे झालं की — म्हणजे, वेळ असेल तर — खाली कॉफी घेऊ या का?" मी म्हटलं, बघू. हात मात्र भराभर चालायला लागले. किल्ली दिली, कॉफी झाली, आणि दुपारभर माझं कशात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मामांनी वर फोन केला. तो परत आला होता आणि आत येत नव्हता. मी खाली गेले. तो त्याच बाकावर, लॅपटॉप बंद करून बसलेला.

"तुम्ही मला जास्त दिलंय," तो म्हणाला.

मला आधी कळेना. मग कळलं. तपासणीसाठी माझी स्वतःची एक किल्ली होती, सगळं उघडणारी. घाईत मी तिचीच नक्कल काढली होती आणि नंबरांपुढची खूण पुसायला विसरले होते. नंबर मिळायला नकोत, ते खरंच अडतात का, हे बघायला त्याने मुद्दाम मागितले, आणि ते आले. एक नाव दिसताच त्याने बंद केलं होतं.

"मी कुठे बोलणार नाही," तो म्हणाला. "काय करायचं ते तुम्ही ठरवा."

कुणालाही कळलं नसतं. जुनी किल्ली मोडायची, नवी द्यायची, पाच मिनिटांचं काम. त्याच महिन्यात विभाग माझ्या हाती यायचा होता. आणि सोमवारी तीन रुग्णालयांत त्याचं ॲप सुरू व्हायचं होतं. मी त्याला सांगितलं, हे वर कळवलं तर किल्ली रद्द होईल, सगळी तपासणी पहिल्यापासून, सहा आठवडे तरी.

"माहीत आहे. दोनदा नापास झालेला माणूस नियम पाठ करतो."

"मग आलात कशाला?"

त्याने चष्मा काढला... पुसला नाही, नुसता हातात धरला. "तुम्हीच म्हणाला होतात ना... त्यांनी नंबर मला दिला नव्हता."

मी दाराकडे पाहिलं. मामा नेहमीच्या जागी उभे होते, मला ओळखत असूनही मला बाहेर ठेवणारे. मी जिना चढले आणि मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. चूक माझी, घाई माझी. पकडली कुणी, असं त्यांनी विचारलं. "ज्याच्या हातात किल्ली होती, त्यानेच," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका ताठ होता की मॅडमनी मान वर करून पाहिलं.

विभाग माझ्या हाती यायचं वर्षभर लांबलं. यापुढे कुठलीही किल्ली एका सहीवर बाहेर जाणार नाही, दोन सह्या लागतील, हा नियम मीच लिहून दिला. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, बापावर गेलीस. बाबा चपला घालून खाली गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यापर्यंत सगळ्या शेजाऱ्यांना कळलं होतं की आमच्या मुलीने स्वतःची चूक स्वतः सांगितली. जणू बोर्डात पहिली आले होते.

सात आठवड्यांनी ॲप सुरू झालं. चौथ्याच दिवशी एका बाळंतिणीसाठी मागणी आली, रक्त साठ्यात नव्हतं. मी एका दात्याला फोन केला. तो तासाभरात येऊन रक्त देऊन गेला. बाई वाचली. तिच्या घरच्यांना दात्याचं नाव कळलं नाही, आणि दात्याला तिचं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "ताई, खाली या. वहीत काहीतरी भलतंच लिहिलंय."

मी गेले. तो मान खाली घालून उभा, कान लाल. वहीत 'काम' या रकान्यात, अर्जाच्या जागी, त्याने लिहिलं होतं, 'लग्नाचं विचारायचं आहे'. खाली त्याची सही.

"तू... हे असं वहीत लिहितात का?" मी पहिल्यांदाच त्याला तू म्हटलं.

"खोटं कारण लिहिलं तर आत सोडत नाहीत," तो म्हणाला. "आणि मला आत यायचंय. पण तू नको म्हणालीस तर इथूनच परत जाईन."

मामांनी वही माझ्याकडे सरकवली. "एका सहीवर इथे काही होत नाही म्हणे आता."

मी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्याच्या सहीशेजारी माझी केली.