थोरल्या साहेबांचा ठोकळा

त्या सकाळी विमानतळाच्या मनोऱ्यातल्या ताईंनी देवाचे नाव घेऊन खुर्ची पुढे ओढली. धुके उतरत होते. धावपट्टीचे दिवे मात्र अजून दिसत होते. येणाऱ्या विमानात त्यांचा मुलगा सहवैमानिक होता. पण रेडिओवर नाते काढायचे नाही, हा ताईंचा नेम होता.

पट्टीवर गाडी गेली की टेबलावर लाल ठोकळा ठेवायचा. तो असेपर्यंत विमान उतरू द्यायचे नाही, आणि ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा. ही शिस्त मनोऱ्याचे जुने प्रमुख, थोरले साहेब, यांनी लावलेली. विचारात पडले की ते आपला लाकडी ठोकळा दातांत धरत.

"साहेब, न्याहारी झाली नाही वाटतं?" असे सगळे चिडवत.

ते गेले. ठोकळाही त्यांच्याबरोबर राख झाला. आता प्लास्टिकचा आला होता.

पाहणीसाठी दोन जीप एकाच परवानगीने आत गेल्या होत्या.

"ताई, बाहेर आलो," एका चालकाने कळवले.

ताईंनी ठोकळा उचलून खणात टाकला आणि विमानाला उतरायला सांगितले.

टक्…

टेबलावर लाकडी ठोकळा उभा होता. कडांवर दातांचे ठसे.

बाहेर आल्याचे एकाच चालकाने कळवले होते. दुसरी जीप!

"गो-अराउंड! वर घ्या! वर!"

इंजिने गर्जली. मनोऱ्याच्या काचा थरथरल्या. धुक्यातून विमानाचे पोट जीपच्या टपावरून सुसाटत गेले आणि नाक आभाळाकडे वळले. शेजारचा सोबती खुर्चीतून उभाच राहिला.

दुसरी जीप बाहेर आली. सोबत्याने दोन्ही चालकांना नावाने हाक मारून खात्री केली. पट्टी मोकळी होती. विमान वळून पुन्हा रांगेत आले.

"इंधन एवढ्याच फेरीपुरतं आहे," मुलाचा आवाज आला. "उतरू का?"

ठोकळा अजून तिथेच होता.

"ताई, परवानगी द्या!" सोबती कुजबुजला. "लाकडाच्या तुकड्यापायी पोराचा जीव टांगणीला लावता?"

"मी ठेवलेला नाही… मी उचलणार नाही."

"मग कोण उचलणार?"

ताईंनी बाहेर बोट दाखवले. पट्टीच्या कडेचा एक दिवा झाकला गेला. तो पुन्हा दिसला, तेव्हा पुढचा झाकला. मग त्याच्या पुढचा… सावकाश, कोणी कडेकडेने चालत जावे तसा.

"उतरू का?" मुलाचा आवाज चिरका झाला. "आई…"

"थांब, बाळा… थांब…"

नेम मोडला होता. शिस्त मोडली नव्हती. त्यांनी देवाला हाक मारली. बोटे बटणावर पांढरी पडली.

शेवटचा दिवा झाकला… आणि उजळला.

टक्.

टेबल रिकामे होते.

"उतर!"

चाके टेकली. रबराचा धूर उडाला, विमान धावत धावत मंदावले, आणि सोबती लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला. ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात जोडले.

आता इंधन संपलेले विमान ओढायला गाडी पट्टीवर जाणार होती. शिस्तीप्रमाणे ताईंनी खण उघडला आणि प्लास्टिकचा नवा ठोकळा बाहेर काढला.

त्याच्या कडांवर दातांचे ठसे होते. आणि ते अजून ओले होते.