जिवंतपणीचं सुतक

न्हावी वस्तरा पाजळत होता आणि तोताराम आबा अंगणात पाटावर बसले होते... जिवंत मुलाच्या नावानं डोकं भादरून घ्यायला!

उंबऱ्याच्या आत, तीन वर्षांच्या लेकीला, हर्षालीला, पोटाशी धरून प्रमिला ते बघत होती. आदल्या दिवशी धरणगावला शालिग्रामचा, तिच्या नवऱ्याचा, अमेरिकेहून फोन आला होता. त्यानं वडिलांपासून काही लपवलं नाही. मी इथला नागरिक झालो, कोर्टात हात वर करून शपथ घेतली, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. बेचाळीसच्या चळवळीत गोऱ्या साहेबाचे फटके पाठीवर झेललेल्या, ते वण अजून सदऱ्याखाली वागवणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या हातून फोन गळून पडला होता.

केस उतरले. आबा उठले.

"मना शालिग्राम मरी गया," ते म्हणाले. "आते ह्या घरमा त्यानं नाव कोनी काढानं नहीं."

थोरला सुकदेव जणू याच शब्दांची वाट पाहत होता. भाऊ परका झाला म्हणजे रानातला त्याचा वाटाही संपला, हा हिशेब त्यानं फोन खाली पडला तेव्हाच मांडला होता. नवरा मेला तर ह्या बाईच्या हातात बांगड्या कशाला, असं म्हणत त्यानं प्रमिलाला मनगट धरून बाहेर ओढलं, तिचे हात खांबावर दाबले आणि पितळी तांब्यानं बांगड्या ठेचायला सुरुवात केली. काचा फुटत होत्या, मांसात घुसत होत्या, रक्ताचे ओघळ कोपरापर्यंत उतरत होते आणि हर्षाली किंचाळत होती... आबांनी तोंड फिरवलं. पण 'नको' म्हणाले नाहीत.

प्रमिलानं ओठ दातांखाली धरले. तिच्या एका वाक्यानं हे सगळं थांबलं असतं, आणि तेच वाक्य तिनं गिळलं.

लग्न झालं तेव्हा शालिग्रामकडे तिथं राहण्याचं ग्रीन कार्ड होतं. तसं कार्ड असलेल्याच्या बायकोला रांगेत थांबावं लागे आणि ती रांग वर्षानुवर्षं सरकत नसे. तिथल्या नागरिकाच्या बायकोला मात्र रांगच नव्हती. हे ठाऊक असूनही शालिग्रामनं नागरिकत्व घेतलं नाही, तो दर हिवाळ्यात येत राहिला, एकटा परत जात राहिला. कारण पहिल्यांदा निघताना आबांनी त्याला बजावलं होतं, तिथलं मीठ खा, पण तिथला होऊ नको.

मग तो उन्हाळा आला. आबा पिंपळनेरला लग्नाला गेले होते. सुकदेव दारू पिऊन आला आणि बैलांच्या जुवातली लाकडी शिवळ उपसून आपल्या बायकोला, लताबाईला, बडवू लागला. ते लाकूड तिच्या डोक्यावर पडणार म्हणून प्रमिला मध्ये गेली आणि तिच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. त्या रात्री लताबाईनं तिचे पाय धरले. आबांना कळलं तर ते सुकदेवला उभा चिरतील, माझी लेकरं उघडी पडतील, सांगू नको गं... म्हणून प्रमिला विहिरीवर पाय घसरून पडली, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. फक्त अमळनेरला माहेरी गेल्यावर तिनं नवऱ्याला फोन केला आणि म्हणाली, मला इथून काढा. आणि शालिग्रामनं बापाचा शब्द मोडला.

आता त्या शपथेचं पाप तिच्या कपाळावर आलं होतं. कुंकू पुसलं गेलं होतं. गावातल्या बाया हळदीकुंकवाला तिला वगळत होत्या. सुकदेवला तर रानच मोकळं मिळालं. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो तिच्या कानशिलात देई, आणि त्यानंच मोडलेल्या हातानं ती पुन्हा त्याला वाढी. नवरा जिवंत आहे, बोलतो आहे, येणार आहे... एवढ्या एका आशेवर ती तग धरून होती.

कापसाची वेचणी चालू असताना शालिग्राम आला. अंगणात आबा लाकडं फोडत होते. मुलाला फाटकात पाहून ते कुऱ्हाडीसकट उभे राहिले.

"कोन शेस तू?"

"आबा, मी शालिग्राम."

"तो मरी गया. मी त्यानं सुतक पाळं."

शालिग्राम थांबला नाही, पायांवर डोकं ठेवायला पुढं आला. ओसरीवरून सुकदेव ओरडला की हा वाटा मागायला आलाय, घरात पाऊल टाकू देऊ नका. आबांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्यांच्या हातातली कुऱ्हाड वर गेली आणि त्याच क्षणी घरातून धावत आलेली प्रमिला नवऱ्यावर झेपावली!

घाव तिच्या उजव्या खांद्यात बसला. ती जागच्या जागी खाली बसली. शालिग्राम तिला सावरू लागला, तोच सुकदेवनं ओसरीवरून उडी मारली, हिनंच भावाला फितवलं म्हणत तिच्या केसांना हात घातला आणि तिला मातीतून फरफटवलं.

तेवढ्यात लताबाई आली. जिनं कधी नवऱ्यासमोर मान वर केली नव्हती, तिच्या हातात मुसळ होतं. तिनं ते दोन्ही हातांनी सुकदेवच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. सुकदेव गुरासारखा हंबरत कोसळला.

"आबा, ती विहिरीवर पडली नव्हती," लताबाई म्हणाली. "मला वाचवताना ह्यानं तिचा हात मोडला. म्हणून शालिग्रामभाऊंनी तिथली शपथ घेतली, तिला लवकर नेता यावं म्हणून. मीच तिला गप्प बसवलं. आणि हा मला रोज मारायचा, ते तुम्हाला ऐकू येत होतं, आबा."

आबांनी सुकदेवकडे पाहिलं. धाकट्या भावाच्या बायकोचं हाड मोडलं, वर विहिरीचं नाव पुढं केलं! आणि आपण? तिच्या बांगड्या फुटताना तोंड फिरवणारे, रोज रात्री भिंतीपलीकडचे ते हुंदके ऐकून, नवरा-बायकोचं भांडण म्हणून कूस बदलणारे आपण? त्यांनी कुऱ्हाड पुन्हा उचलली. ह्या खेपेला सुकदेववर.

रक्तानं भिजलेली प्रमिला कशीबशी सरपटत गेली आणि तिनं डाव्या हातानं दांडा धरला.

"आबा, एक मुलगा मारून झाला," ती म्हणाली. "आता दुसरा नको."

कुऱ्हाड गळाली. आबांनी आपलं उपरणं तिच्या खांद्यावर दाबलं आणि जळगावच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये ते तसंच दाबून धरलं. तिथं हवालदार आला. लाकडं फोडताना लागलं, असं प्रमिला म्हणाली. खाटेशी उभ्या आबांनी तिला पुढं बोलू दिलं नाही.

"खोटं बोलस ती. कुऱ्हाड मी मारी."

आबांना अटक झाली, शालिग्रामनं जामीन दिला. खांदा भरून आला, पण उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही. सुकदेव लंगडत रानातल्या झोपडीत राहायला गेला. घर लताबाईकडे आलं.

प्रमिला त्याच महिन्यात अमेरिकेला जाऊ शकली असती. पण आईच्या कागदावर रांगेत असलेलं हर्षालीचं नाव बाप नागरिक होताच गळून पडलं होतं. नागरिकाच्या बायकोच्या अर्जात लेकरू धरत नसत, त्याच्यासाठी निराळा अर्ज हवा होता. आईला मोकळा झालेला रस्ता मुलीला बंद होता! तू पुढं हो, ती मागून येईल, असं शालिग्राम म्हणाला. प्रमिलानं नकार दिला. जिथं तिचं रक्त सांडलं होतं, त्याच घरात ती लेकीसाठी थांबली आणि शालिग्राम पुन्हा एकटा गेला.

उन्हाळ्यात हर्षालीचाही अर्ज मंजूर झाला. व्हिसाच्या मुलाखतीसाठी दोघींना मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत कोण नेणार, असा प्रश्न निघाला तेव्हा आबांनी टोपी डोक्यावर चढवली.

परक्या झेंड्याखालच्या त्या फाटकाशी पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं आणि कोणाच्या अर्जावर आलात म्हणून विचारलं. आबांनी एकदा वर झेंड्याकडे पाहिलं. नात कडेवर होती, शेजारी सून उभी होती.

"मना पोऱ्या तठला नागरिक शे," ते म्हणाले. "हाई त्यानी बायको." त्यांनी कडेवरच्या नातीला जरा वर उचललं. "हाई त्यानी आंडेर. दोन्हीसले संगे जाऊ द्या."